दुखणं पेठेबाहेर

चि. राजवर्धनास काकाचा आशीर्वाद.

गोव्याच्या त्या नामांकित फुटबॉल क्लबात तू वाघ, अन् भारताच्या जर्सीत शेळी! तालमीतल्या टीव्हीपुढं पोरं म्हणाली, "काका, पुतण्या क्लबासाठी पाय राखतोय की!" मलाही तीच शंका. पण काल उजवीकडं आलेला चेंडू तू वळून डाव्या पायावर घेतलास. तो जुना दुखरा उजवा गुडघा मीच वर्षभर तेलानं चोळलाय. खरं सांग, क्लबात दुखणं दाबायची सुई टोचून खेळवतात व्हय? अन् देशाच्या डॉक्टरपासनं तू लपवतोस?

"दुखणं पेठेबाहेर सांगायचं न्हाय," हे आपल्या पेठेच्या संघात खेळताना मीच शिकवलेलं. चुकलो, लेकरा. आता सांगून टाक.

पण हे पत्र भारताच्या शिबिरात दुसऱ्या कुणी फोडलं तर तुला संघातनं काढतील. म्हणून टपालपेटीत टाकायला हात धजत न्हाय.

तुझा,
गुंडूकाका