हर्शेलच्या ट्रकची किंमत

२ फेब्रुवारी
लाँड्रीतली लव्हर्न महिनाअखेरीला रिटायर होतेय. मला हे केकवरच्या अक्षरांतून कळलं. नवरा, हर्शेल, गेला आणि पाठोपाठ त्याचा ट्रक बंद पडला, तेव्हापासून वर्षभर मी तिच्या गाडीतून कामावर जातेय, आणि ही बया मला केकवरून कळवते. दोन तुकडे खाल्ले, रागाने.
वृद्धाश्रमाची लाँड्री वीस मैलांवर. मधे बस नाही, काही नाही. एक मार्चला सकाळी सहाला मशिनपुढे दिसली नाहीस तर दुसरी बाई बघावी लागेल, असं सुपरवायझर म्हणाली. हसत म्हणाली, तेच जास्त झोंबलं.
संकल्प: महिनाअखेरीच्या आत स्वतःची गाडी. कुणाचे उपकार न घेता.

४ फेब्रुवारी
बँकेत जाऊन आले. कर्ज खात्यातला पोरगा माझी माहिती बघून हळूच श्वास सोडत होता, डॉक्टर एक्स-रे बघून सोडतात तसा. क्रेडिट फारच खराब आहे, म्हणाला. एक हॉस्पिटलचं बिल, दुसरी बोट.
बोट! आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात हर्शेलने मासेमारीची बोट घेतली. निळी, चमचमती. सहकर्जदार म्हणून सही माझी. मला पोहता येत नाही. मासा मी तोंडात घालत नाही. तो गेला आणि हप्ते मागे ठेवून गेला. चार महिन्यांचे थकलेत.
घरी येऊन बोटीच्या फायनान्सवाल्यांना पुन्हा फोन केला. या आणि एकदाची घेऊन जा, मला अंगणात पाय ठेवायला जागा नाही, म्हटलं. बाई म्हणाली, नोंद केलीय. मागच्या वेळीही नोंदच केली होती.

७ फेब्रुवारी
नणंदबाई हजर. म्हणाली, "ओलेटा, मी रोज त्याच रस्त्याने जाते. साडेपाचला उचलते तुला. त्यात काय एवढं?"
त्यात काय एवढं! ही ट्वायला म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाच्या मयताला बटाट्याची डिश घेऊन आली ती तळाला नावाची चिकटपट्टी लावून. तशी सगळ्याच बायका लावतात, भांडं परत मिळावं म्हणून. पण आठवड्याच्या आत डिश मागायला हीच आली. आता हिच्या गाडीत बसले तर माझ्याच तळाला चिकटपट्टी लावेल.
तिच्या गाडीच्या सीट बटण दाबलं की गरम होतात, हे तिने याही वेळी सांगितलं.
जाताना म्हणाली, त्या पताका लावून जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडे जाऊ नकोस. तिच्या पोराला, डेनीला, त्यांनी गाडी दिली आणि आठवड्याने परत बोलावून काढून घेतली. मी म्हटलं, डेनी कागद वाचत नाही. मी वाचते.

९ फेब्रुवारी
लायब्ररीतून भाव कसा करावा यावरचं जाडजूड पुस्तक आणलं. शाळा आठवीत सुटली, वाचन सुटलं नाही. पहिला आकडा समोरच्याला बोलू द्यायचा. मग गप्प बसायचं. उठून जायची तयारी ठेवायची. यात शिकण्यासारखं काय आहे? हे मी तीस वर्षं हर्शेलशी करतेय. तो म्हणायचा, ओलेटाशी वाद घालायचा तर घरून डबा घेऊन यावं.

१४ फेब्रुवारी
दोन गाडीवाल्यांकडून नकार. दुसऱ्याने कॉफीसुद्धा विचारली नाही.
आज सगळ्यांचा चॉकलेटचा दिवस. हर्शेल दरवर्षी पेट्रोलपंपावरून लाल डबा आणायचा आणि निम्मी चॉकलेटं वाटेत खायचा. रिकाम्या खळग्यांचा डबा हातात द्यायचा आणि वर हसायचा. हलकट.

१६ फेब्रुवारी
अंगणात ट्रकच्या काचेवरचा बर्फ काढला. ट्रक चालत नाही, पण म्हणून काय बर्फात ठेवायचा? नोव्हेंबरात हर्शेल गेला, जानेवारीत ट्रकचा गिअरबॉक्स. दोघांनीही आधी कळवलं नाही.
लव्हर्न म्हणते विकून टाक. माझ्या जिवात जीव आहे तोवर ट्रक कुठे जात नाही. लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी
जिंकले!
पताकावाल्याकडे गेले. बोर्डावर लिहिलंय, क्रेडिट कसंही असो, आम्ही आहोत. विकणारा ब्रॉडी, दाढी अजून नीट न आलेला, पण वळण चांगलं. मिस ओलेटा, मिस ओलेटा करत दार उघडून धरत होता. टॅक्सचा रिफंड आलाय तो डाउन पेमेंटला. चंदेरी गाडी, चार दारांची, आत सिगारेटचा वास.
त्याने सहज विचारलं, एक्स्चेंजला जुनं काही आहे का? म्हटलं, नवऱ्याचा ट्रक आहे, गिअरबॉक्स गेलाय, पण विकायचा नाही. तो म्हणाला, बरंच आहे, गिअरबॉक्स गेलेल्या तसल्या ट्रकचे पाचशे डॉलर येतात, भंगारात.
पाचशे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाळा, त्या इंजिनाला हर्शेलशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. ट्रकच्या मागे उभं राहून आम्ही लग्नाचा केक कापलाय. तो म्हणाला, सातशे. मी पुस्तकातल्यासारखी गप्प. तो म्हणाला, हजार. मी पर्स उचलली, उठले. तो धावत आत मॅनेजरकडे गेला आणि येऊन म्हणाला, दोन हजार, मिस ओलेटा, याच्यावर गेलो तर माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, आता कसं माणसासारखं बोललास. त्याने हात पुढे केला. मी हातात हात दिला.
कागद सगळे वाचले. ब्रॉडीचा बर्गर थंड झाला. एका पानावर होतं, बँकेची मंजुरी आली तरच व्यवहार पक्का. त्यावर बोट ठेवून विचारलं. तो म्हणाला, ते सगळ्यांच्याच कागदावर असतं. सगळ्यांच्याच असतं म्हटल्यावर काय बोलणार? सही केली.
नव्या गाडीतून घरी येताना अर्ध्या वाटेत लक्षात आलं की ट्रक विकला.
विकायचा नव्हता, हे खरं. पण दोन हजार! हा त्याचा मान आहे. हर्शेलने टोपी काढली असती.

२१ फेब्रुवारी
ट्रक ओढून नेला. आधी पुढचा कप्पा रिकामा केला. टेप, पाना, एक पेपरमिंटची गोळी. गोळी खाल्ली. जुनी होती.

२३ फेब्रुवारी
चर्चला स्वतःच्या गाडीने गेले. मुद्दाम ट्वायलाच्या शेजारी लावली. ती म्हणाली, "छान आहे गं. बँकेचं आलं का?" जळते.

२७ फेब्रुवारी
ब्रॉडीचा फोन. गाडी घेऊन या, छोटंसं काम आहे.
बँकेने नाही म्हटलंय. आता डाउन पेमेंट दुप्पट द्या, नाहीतर किल्ली द्या. दार उघडून धरणारा हाच तो पोरगा, आज खुर्चीतून उठला नाही. मी ओरडले. लायब्ररीचं पुस्तक टेबलावर आपटलं, त्याची शिवण उसवली, दंड मलाच बसणार. म्हटलं, माझा ट्रक परत दे, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, ट्रक लिलावात गेला. कितीला? तो गप्प. त्यानेही ते पुस्तक वाचलेलं दिसतंय. मग म्हणाला, पाचशेला. डाउन पेमेंट आणि वर पाचशे, असा चेक हातात ठेवला. दोन हजारांचं विचारलं तर म्हणे, ते गाडी घेतली असतीत तर.
किल्ली देऊन टाकली. परत यायला वाहन नाही. ट्वायलाला फोन केला. दुसरं कोण आहे?
आली. डेनीचं नाव काढलं नाही. पताकांकडे बघितलंही नाही. नुसती माझ्या बाजूची सीट गरम करायचं बटण दाबलं. तिने चार शब्द सुनावले असते तर मला तोंड उघडता आलं असतं.

२ मार्च
कालपासून ट्वायलाबरोबर जाते. तात्पुरतं.
आज संध्याकाळी बोटीचा फायनान्सवाला उगवला. मी बोलवत होते तेव्हा नाही, आज. माणूस सभ्य. स्वतःचा ट्रक मागे घेतला, त्याला बोटीचा ट्रेलर अडकवला, म्हणाला, इथे सही करा की सुटलात. मी पेन घेतलं. मग विचारलं, थकलेलं सगळं भरलं तर? तो म्हणाला, मग मी रिकामा जातो, पण बाई, तुम्हीच फोन केला होतात ना?
भरले. गाडीचे परत मिळाले होते त्यातून. हा हिशेबाचा भाग आहे. मार्चमध्ये बोट कोण विकतं? उन्हाळ्यात भाव येतो. आणि या वेळीही पहिला आकडा मी बोलणार नाही.
ट्रेलर सोडवताना त्याने विचारलं, तुम्ही ही कशाने ओढता? ट्रक उभा असायचा तिथे गवत पिवळं पडलंय. तो तिकडेच बघत होता. म्हटलं, तुम्हाला काय करायचंय?
तो गेल्यावर बोटीत चढून बसले. उजवीकडे हर्शेल बसायचा, म्हणून डावीकडे. सीट बर्फासारख्या. बोट घेताना एवढे पैसे मोजले, पण गरम होणाऱ्या सीट आहेत का, एवढंही विचारायचं हर्शेलला सुचलं नाही.