ताईचं मनगट

ता. ४ जानेवारी

चि. बाळ्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाईंनी लिहिलंय, तेव्हा अक्षर बघून हुरळू नकोस. गादी उलटताना माझं उजवं मनगट मोडलं. पडले नाही, धडपडले नाही, नुसती गादी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाळिशीतच हाडं म्हातारीसारखी ठिसूळ झालीत. घरामागच्या लोखंडाच्या भट्टीची बारीक काजळी श्वासावाटे रक्तात जाते, हाडंही पोखरते. सगळा दोष धुराचाच असं सांगता येणार नाही, पण त्याचा हात नक्की आहे. शिवायला घेतलेलं पांढरं कापड मशीनवरून उतरेपर्यंत करडं होतं, मग माझ्या आत काय झालं असेल?

तुझी,
ताई

ता. १५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

वाचून जीव खालीवर झाला. पण धुराने खोकला होतो, हाडं कशी मोडतील? तू जेवणाची हेळसांड करतेस. दूध पी, उन्हात बस. भट्टीवाल्यांशी वाकडं घेऊ नकोस. ही म्हणते, सरळ इकडेच राहायला या.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा बाळ्या

ता. २ मार्च

चि. बाळ्यास आशीर्वाद.

दूध मी रोज पिते, शहाण्या! आणि ऊन? ते धुरातून खाली उतरलं तर बसेन. तुझ्याकडे यायला मी येईन, पण गल्ली कुठे ठेवू?

आम्ही गल्लीतल्या बायका भट्टीच्या फाटकात जाऊन बसलो. मॅनेजर बाहेर आला आणि प्रत्येकीच्या हातात कॅल्शियमच्या गोळ्या ठेवू लागला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आधी धूर थांबवा, गोळ्या आमच्या आम्ही आणू. ट्रक अडले. शिव्या खाल्ल्या, हललो नाही. फाटकावरच्या वॉचमनची बायकोसुद्धा येऊन बसली. तो बिचारा तोंड फिरवून उभा राहिला.

शेवटी मालक आला. धुराची गाळणी बसेपर्यंत भट्टी बंद ठेवतो म्हणाला. परवा बंद झाली. त्या दिवशी जाताना मालक हसून विचारतो, आता तरी खूश ना?

प्लॅस्टर निघालंय, पण हाड वाकडं जुळलं. कात्री धरवत नाही. तेच मनगट त्याच्या तोंडापुढे धरलं आणि विचारलं, हे कुठल्या गाळणीने सरळ होणार? त्याने गाडीची काच वर केली.

राग तुझ्यावरही निघाला. माया आहे तेवढीच आहे, तीही घे.

ताई