स्वराजच्या जीपची पुढची चाकं

३ नोव्हेंबर
आजपासून मी तळवलीची! कोरेगावहून आणलेल्या दोन बॅगा घणसोलीच्या खोलीत टाकल्या आणि थेट तळवलीचं गॅरेज गाठलं. मालक हौसेराव आमच्या साताऱ्याकडचेच. पोरगी मेकॅनिक बघून गिऱ्हाइकं थबकतात, याची त्यांनाच जास्त मजा वाटते. येईल त्याला सांगत होते, की ही सुनयना, डिप्लोमा केलाय, आता फोर-व्हीलच्या गाड्या हीच बघणार. दुपारी त्यांच्या घरून पिठलं-भाकरी आली. आईला फोन केला, अजिबात टेन्शन घेऊ नकोस म्हटलं.

४ नोव्हेंबर
पहिलं स्वतंत्र काम! कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जीप उभी आहे, यशोदाबाईंची. त्या गावातल्याच, खाडीला लागून त्यांचं कोळंबीचं तळं आहे. त्यांचा मुलगा स्वराज गेल्या वर्षी ओहोटीला याच जीपने तळ्याकडे निघाला, बांधावरून घसरला आणि गाळात रुतला. फोर-व्हील लागलं नाही, म्हणजे पुढच्या चाकांना इंजिनची ताकदच मिळाली नाही. भरती आली. जीप क्रेनने निघाली, स्वराज सापडलाच नाही. यशोदाबाईंना जीप विकायची नाही. त्याच जीपने एकदा त्या जागेपर्यंत जायचंय. तिथं पायी जाता येत नाही, साधी गाडी रुतते. म्हणून फोर-व्हील दुरुस्त करून हवंय. मी हो म्हटलं.

लिफ्टवर घेतली. फोर-व्हीलचा स्विच फिरवला की आतली मोटर आवाज करते, पुढचा शाफ्टही फिरतो, पण ताकद चाकापर्यंत पोचत नाही. चाकाच्या मधोमध हब असतो. हवेच्या ओढीने तो आत जुळला तरच चाक फिरतं. ती हवा ओढणारा रबरी पाइप चिरलेला सापडला. एवढ्याशा चिरेपायी माणूस गेला. नवा पाइप टाकला. उद्या गाडी देणार.

५ नोव्हेंबर
नाही लागलं. डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा नुसता लुकलुकतोय. हब खोलला, तर आत खाडीचा गाळ गच्च भरलेला. वर्षभर उभ्या गाडीतला गाळ वाळून खडखडीत व्हायला हवा. हा ओला होता, गार होता. सगळं डिझेलने धुतलं, नवं सील, नवं ग्रीस. लिफ्टवर चारी चाकं एकदम फिरली. यशोदाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग गाडी खाली घेतली, खाडीच्या रस्त्याला वळवली आणि पुढची चाकं पुन्हा मेली.

६ नोव्हेंबर
पुन्हा खोलला. पुन्हा गाळ. गाडी पाण्याच्या जवळसुद्धा गेलेली नाही. दिवसभर डोकं फोडून एवढंच कळलं: हमरस्त्याकडे तोंड केलं की फोर-व्हील लागतं, खाडीकडे तोंड केलं की सुटतं. हे कुणाला सांगणार? पहिलंच काम, आणि गाडी दिशा बघून बिघडते म्हणू?

७ नोव्हेंबर
आज गाळाचा गोळा अख्खा निघाला. त्यावर बोटं उमटली होती. कुणीतरी मुठीने दाबून भरल्यासारखी. हबमध्ये हात शिरत नाही. माझा लहानसा हातही नाही.

यशोदाबाईंनी गोळा हातात घेतला. उमटलेली करंगळी अर्धीच होती. त्या खाली बसल्या. “त्याचीच हाय ही. लहानपनी दारात चेंगरलेली.” रडत नव्हत्या, हसत होत्या. “त्यो मना बोलावतंय गो.”

हौसेरावांचा चेहरा उतरला. मला बाजूला नेलं. “पोरी, बोलवायचं असतं तर त्यानं चाक अडवलं असतं व्हय? त्यो आईला येऊ नगंस म्हनतोय. हात लावू नगंस आता.”

८ नोव्हेंबर
यशोदाबाई सकाळपासून गॅरेजच्या दारात. जेवल्या नाहीत. म्हणाल्या, एकदाच त्याच्याशी बोलू दे, मग मी गप बसते. हौसेराव सुटे भाग आणायला पनवेलला गेलेले.

मला नाही बघवलं. आणि खरं लिहायचं तर मला हरायचंही नव्हतं.

हब काढून टाकले. त्या जागी भरीव लोखंडी चकत्या, फ्लँज, बसवल्या. आता शाफ्ट आणि चाक कायमचे एक. आत बोट शिरायलाही जागा नाही.

खाडीकडे तोंड केलं. दिवा लागला, स्थिर. यशोदाबाई टाळ्या वाजवत होत्या. आणि गाडीच्या खालून कुणीतरी पत्र्यावर हात आपटत होतं.

९ नोव्हेंबर, दुपार
यशोदाबाई एकट्याच जीप घेऊन निघाल्या होत्या, म्हणून मी चालवायला बसले. बांधापर्यंतच, असं ठरलं होतं. बांधावर ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. उतरली खाली, गाळात.

चावी काढली. ही बघ, माझ्या मांडीवर आहे. इंजिन बंद आहे, तरी चारी चाकं फिरतायत. हळूहळू. पुढे.

फोन लागत नाही. दारं गाळाने धरलीत. लिहितेय, कारण लिहिणं थांबलं तर नुसती ओरडत सुटेन —

ओहोटी होती ना? मग हे पाणी —

काचेवर हात उमटले. चिखलाचे. बाहेरून. आत यायला नाही, आम्हाला मागे ढकलतायत. घसरतात, परत उमटतात. यशोदाबाई ओरडतायत, “थांबव रं बाला, थांबव!” तो कसा थांबवणार? हात घालायची जागाच मी बुजवली. तो नव्हता ओढत. ओढणारं दुसरंच काहीतरी आहे. तेव्हाही तेच —

काच फुटली. यशोदाबाईंना कुणीतरी खिडकीतून बाहेर काढलं. मी बघितलं. उताण्या सरकत गेल्या गाळावरून, होडी ओढावी तशा. बांधावर आहेत. उठून बसल्यात. वाचल्या. हात करतायत मला.

पाणी सीटला लागलं. चाकं फिरतायत.

तो परत येईल. एवढं अंतर काहीच नाही त्याला. येशील ना? स्वराज, मला माहीत नव्हतं रे — मी फक्त चाक —

खिडकीत हात आलाय. धरते. हा

करंगळी अख्खी आहे. हा त्याचा ना