चहा न मावणारी बशी

सर, तुम्ही गेल्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला मुद्दाम थांबावं लागतं. पण जानेफळच्या शाळेतलं ते स्टूल लगेच दिसतं. चित्रकलेच्या तासाला तुम्ही घरून दस्तीत गुंडाळून एक कपबशी आणायचात आणि त्या स्टुलावर मांडायचात. कपाचं तोंड आम्ही सगळे हटकून पूर्ण गोल काढायचो. तुम्ही वहीवर बोट आपटून म्हणायचात, "मालूम हाय ते काढू नका पोट्टेहो, दिसते ते काढा." लंबगोल मी तिथे शिकले. पुढे मला चिनी मातीच्या भांड्यांचं डिझाइन शिकायला शहरात पाठवावं म्हणून माझ्या वडिलांच्या ओट्यावर चार वेळा येऊन बसलात, तेही तुम्हीच. भांडी करणं ही काय कॉलेजात शिकायची गोष्ट आहे, असं वडिलांचं म्हणणं.

शेवटच्या वर्षाला मी चहाचा सेट केला. त्या काळी साधेपणाची हवा होती. पांढराशुभ्र कप, एक फूल नाही, कान दोन बोटांत नेमका बसणारा, आणि बशी पापडासारखी सपाट. परीक्षकांनी सेट वाखाणला. त्यातला एक जोड वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून मी तुमच्यासाठी आणला. काकूंच्या चुलीपाशी चिनी माती चालत नसे, म्हणून तुमच्या घरचे कप बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात असायचे. काकू पातेलं तिथेच घेऊन येतात आणि माझ्या कपात चहा ओततात. तुम्ही कप फिरवून फिरवून पाहता, कानात बोटं घालून पाहता, खूश होता. मग जन्माच्या सवयीने चहा बशीत ओतता, आणि तो काठावरून थेट धोतरावर.

काकू फडकं आणायला धावल्या. मी अगदी पुस्तकी मराठीत म्हणाले, "सर, ही बशी नुसती कप ठेवायला असते. शहरात बशीतून कोणी पीत नाही."

"असं काय," तुम्ही म्हणालात. उरलेला चहा कपानेच प्यायलात. डोळ्यांत पाणी आलं. मग विचारलंत, "आकार झकास जमला पोरी. पन हे बशी काढली तवा पेनारा कोन धरला होता तू?"

एसटी चुकेल म्हणून मी उठले. त्यानंतर आपली भेट नाही.

तुम्ही गेल्यावर काकूंनी तो जोड मला परत दिला. म्हणाल्या, "मंग कपातच पेत गेले बाई ते. रोज जीभ पोळे, पन बशीत नाही ओतला." मी तो जोड पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. लाज वाटली, ती अजून वाटते.

आता मीच शिकवते. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांपुढे तीच बशी ठेवते, कढत चहा देते आणि बशीतून प्या म्हणते. टेबलभर सांडतं, मुलं हसतात. "आधी पिणारा धरा, मग बशी काढा," असं मी सांगते, आणि ती ते माझं वाक्य म्हणून लिहून घेतात. मी घेऊ देते.

हे पत्र त्या बशीखालीच राहील. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हाही माझ्यापाशी होतं, सर: पिणारी म्हणून मी स्वतःलाही धरलं नव्हतं. वसतिगृहात खोलीचं दार लावून मी चहा बशीत ओतूनच प्यायचे. त्यासाठी घरची एक खोलगट बशी ट्रंकेत लपवून ठेवली होती.