‘चालू’मध्ये तीनच

४ मार्च
आले बाई एकदाची स्वतःच्या घरात! दोन खोल्या, मोठी खिडकी, गळका नळ. असू दे, माझा आहे. सामान लावायच्या आधी बाबांचा फळा भिंतीवर ठोकला. फ्रेमांच्या दुकानातली सगळी कामं बाबा यावरच चालवायचे. तीन रकाने : करायचंय, चालू, झालं. एका कामाची एक चिठ्ठी. नियम दोनच : ‘चालू’मध्ये तीनापेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत, आणि पुढे गेलेली चिठ्ठी मागे घ्यायची नाही. बाबा गेल्यावर दादानं दुकान गुपचूप स्वतःच्या नावावर केलं आणि मला गोड बोलून बाहेर काढलं. मग तो जेवायला गेल्यावर मीही फळा उचलून आणला. बस म्हणावं बोंबलत.

६ मार्च
पडदे शिवायचे, नळ दुरुस्त करायचा, कपाट रंगवायचं. पहिली दोन ‘चालू’मध्ये घेतली. शेजारच्या मावशी डोकावल्या. एवढा कारभार कशाला, डोक्यात राहत नाही का, म्हणाल्या. मी म्हटलं, डोक्यात दुसरंच भरलंय. हसल्या बिचाऱ्या.

९ मार्च
दादाचा फोन. फळा परत दे म्हणे, बाबांची आठवण आहे. आठवण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन आपटला, एका चिठ्ठीवर नुसतं ‘दादा’ लिहिलं आणि थेट ‘चालू’मध्ये चिकटवली. बरं वाटलं.

११ मार्च
वहिनीचा फोन. परवापासून दादाला धाप लागतेय, डॉक्टरांना काही सापडत नाही. रडत होती. मी तोंडदेखलं हं हं केलं आणि फळ्याकडे पाहिलं. भीती वाटायला हवी होती. मला तर गुदगुल्या झाल्या.

१४ मार्च
वहिनी पुन्हा. दादा बोलावतोय, अर्धं दुकान तुझ्या नावावर करतो म्हणतोय. आता? इतके दिवस मूग गिळून बसला होता तो! चिठ्ठी फाडायला हात पुढे गेलाही होता. पण मला अर्धं दुकान नको होतं. त्यानं गयावया केलेली हवी होती, आणि ती ऐकून झाली होती. चिठ्ठी ‘झालं’मध्ये सरकवली.

संध्याकाळी फोन आला. दादा गेला.

१८ मार्च
तिकडे जाऊन चारचौघांत रडून आले. घरी येऊन बघते तर ‘करायचंय’मध्ये एक नवी चिठ्ठी. सुताराची जाड पेन्सिल, डावीकडे कललेलं अक्षर. ‘धाकटी’. मला या नावानं दादाच हाक मारायचा.
जाळून टाकली. चहा ठेवून वळले तर परत तिथंच.

१९ मार्च
सुचलं! ‘चालू’ भरलेलं ठेवायचं. बाबांचा नियम दादानं जन्मात मोडला नाही. पडदे, नळ, आता कपाटही. आणि एकाही कामाला हात लावायचा नाही. राहा म्हणावं रांगेत उभा.

२१ मार्च
नळ गळायचा थांबलाय. मी हात लावला नव्हता. चिठ्ठी ‘झालं’मध्ये, आणि ‘धाकटी’ रेघेला टेकलेली. घाईघाईनं ‘भांडी घासायची’ लिहून जागा भरली.

२२ मार्च
चिठ्ठ्यांची नवी गड्डी आणायला गेले होते. आले तर भांडी लख्ख. पडदे टांगलेले, कोपरे दादाच्या फ्रेमांसारखे काटकोनात. मावशी म्हणाल्या, भाऊ आलाय वाटतं मदतीला, किती धापा टाकतो गं — 
लिहितेय. जागा भरतेय.

२३ मार्च
कपाट रंगलं. रंग ओला आहे. मी लिहिते, तो संपवतो. आधीपासून कामसूच मेला — 
पण मीही त्याच बापाची! जन्मभर न संपणारी कामं लिहिली. ‘दादाचा राग करायचा’. ‘रोज झोपायचं’. ‘श्वास घ्यायचा’. घे, संपव आता.

२४ मार्च
डोळ्याला डोळा नाही. ‘झोप’ झालं.
दादाचा राग येत नाहीये. शोधतेय, येतच नाही. उलट त्याची माया — ‘राग’ही झालं.
‘धाकटी’ आत आली.

दादा, चुकले रे. तुझी चिठ्ठी मागे घेते — ओढतेय, निघत नाही — पुढे गेलेली मागे — 
आता ‘श्वास’ हलतेय — रेघेवर आहे — धरलीय मी, दोन्ही हा