डेपो संघाचा राहिलेला अंतिम सामना

दिनांक ७ सप्टेंबर २०२३, गुरुवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. इस्पितळात न्यायची पिशवी तिसऱ्यांदा भरून झाल्यावर मी, गाड्यांच्या नंबरपाट्या बनवणारा, वय सव्वीस, शिक्षण नववी, हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दुखते ते पित्ताशय, आणि ते उद्या सकाळी काढणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, आठवड्याला अशी दहा करते मी." त्या दहांत मी नव्हतो, म्हणून हा कागद. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही; उलट ताई मघापासून "पुरे कर रे आता" म्हणते आहे.

१. बँकेतली शिल्लक आणि सायकल ताईची. मागचा ब्रेक उशिरा लागतो, हे तिने ध्यानात ठेवावे.

२. पाट्यांवरच्या अंकांचे माझे स्वतःचे ठसे दुकानमालकांना. मी आठाचा तीन केला, असा आळ त्यांनी दोनदा घेतला. ठसा झिजला होता. एवढे मान्य केले तर ठसे त्यांचे, नाही तर भंगारात द्यावेत.

३. संगणक आणि मी त्यात लिहिलेला फुटबॉलचा खेळ बाबांना. यात चेंडू आपण मारायचा नसतो. प्रत्येक खेळाडूचे गुण वीसपैकी आकड्यांत भरायचे. मग सामना आपोआप घडतो आणि ओळीओळीने पडद्यावर उमटतो. बाबांचा जुना बसडेपोचा संघ त्यात आहे, बाबा गोलरक्षक. डाव्या बाजूच्या झेपेला मी त्यांना अठरा दिले होते. बाबांनी चष्मा लावून वाचले.

"हा कोण? डावीकडे मी जन्मात कधी पोचलो नाही. नऊ कर."

"बाबा, मग हराल."

"हरू की! पण मी हरेन. हा अठरावाला जिंकला काय, हरला काय, मला काय त्याचं?"

नऊ केले. तीन मोसम संघ तळाला होता. यंदा अंतिम फेरीत आला आहे.

माझा मित्र, ज्याला आम्ही पंच म्हणतो, सांगतो, "हरलास की बंद कर, परत लाव." तसे चालणार नाही. झालेला सामना पुन्हा खेळवायचा नाही. प्रत्येक सामन्याचा नशिबाचा आकडा मी आधीच घालून ठेवतो आणि पुढचे सगळे त्यावरून ठरते. अंतिम सामन्याचाही घातला आहे. म्हणजे निकाल यंत्रात आत्ताच ठरलेला आहे. कोणी पाहिलेला नाही एवढेच.

जेवण झाल्यावर मी बाबांना विचारले, "आजच लावू का?"

"रविवारचा सामना रविवारी."

"रविवारी मी इस्पितळात असेन."

"मग मैदान ओलं आहे असं लिही. पुढच्या रविवारी बघू."

"आणि पुढच्या रविवारीही मी..."

"फार ओलं आहे," असे म्हणून बाबा धुतलेलेच कप पुन्हा विसळायला लागले.

म्हणून लिहून ठेवतो. मी नसलो, तर सामना सुरू करायची कळ बाबांनी दाबावी. ओळी भरभर सरकतात, तेव्हा ताईने त्या मोठ्याने वाचाव्यात. पंचालाही बोलवावे, पण कीबोर्डपासून हातभर लांब बसवावे. निकाल काहीही येवो, बाबांच्या झेपेचा आकडा बदलू नये. नऊ ते नऊ.

साक्षीदार: शेजारचे कंपाउंडरकाका आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू. ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये, असे काकांनी सांगितले. त्यावर ताई म्हणाली, "मग मला काही देऊ नकोस. सही करते आणि मोकळी होते." तिचे ऐकलेले नाही. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या, मी त्यांच्यादेखत केली. काकू चष्मा विसरल्याने कागद मी वाचून दाखवला. क्रमांक तीनपाशी मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागलो, तेव्हा काकूंनी तो माझ्या हातातून घेऊन काकांना दिला आणि पुढचे त्यांनी वाचले.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर. तारीख वरचीच.

खेळापायी झालेला खर्च: जुना संगणक साडेसहा हजार, पडदा सोळाशे.

देणे: पंचाला कीबोर्डचे तीनशे. बाबांना एक सामना. हे दुसरे देणे शक्यतो मी स्वतः फेडावे, असा माझा विचार आहे.