घशाला न लागणारी वात

८ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा जळकी! दोन झुरके नीट, तिसऱ्याला थेट जळलेल्या फडक्याची चव. डोळ्यांत पाणी आलं. ई-सिगरेटची तयार कॉइल, म्हणजे तापणारी तार नि वात, आठवडाभरही टिकत नाही, म्हणून म्हटलं आपणच तार गुंडाळू, आपणच कापसाची वात घालू. बत्तीस वर्षं इथे जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये औषधांच्या पॅकिंगची यंत्रं दुरुस्त केली मी. आणि दोन बोटं कापूस माझं ऐकत नाही म्हणजे काय!

चारुलता म्हणाली, "अहो, वात मला सांगायची ना." देवापुढे लावते तशी घट्ट पीळ देऊन वळली. देखणी वात! तीच जळली. पीळ घट्ट असला की लिक्विड आत शिरतच नाही, वात कोरडी राहते आणि करपते. तसं सांगितलं तर बायको म्हणते, "माझ्या वातीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती." घ्या!

१० फेब्रुवारी

कापूस उकळला. त्यातला तेलकटपणा जायला हवा. दुधाच्या पातेल्यात उकळला — ही चूक.

११ फेब्रुवारी

चारूचा अबोला चालू. कापूस छान वाळलाय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दिया आली. आमची लेक हायडेलबर्गला फार्मसी शिकते, दर शनिवारी येते आणि माझी लिक्विडची बाटली भरून आणते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून निकोटीन मोजून मिसळायचं काम तिच्याकडे. सहा मिलिग्राम, त्याहून जास्त नाही.

नोव्हेंबरात स्टेंट बसला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिगरेट आजपासून बंद. पस्तीस वर्षांची सवय — बंद केली! एकही ओढलेली नाही, फक्त ही वाफ. पण कौतुकाचा शब्द? छे! बाल्कनीत उभा राहिलो की दोघी आतून दार लावून घेतात, जणू मी कचऱ्याची पिशवी आहे.

दियाने वात बघितली. "कापूस फार कोंबलायस, पापा." जर्मनमध्येच बोलली. आता ही मला शिकवणार!

२० फेब्रुवारी

कापूस कमी केला. आता गळतंय! ट्रॅममध्ये खिसा ओला, पँटवर हा एवढा डाग, आणि सगळ्या डब्यात व्हॅनिलाचा वास. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली. मी काय तिच्यावर सांडलं होतं?

इंटरनेटवर एक शहाणा लिहितो, "याला सराव लागतो." तेवढं सांगायला अर्धा तास व्हिडिओ!

१ मार्च, शनिवार

जमलं! कापूस वळायचाच नाही. विंचरायचा, तंतू सरळ करायचे. कॉइलमधून ओढताना किंचित अडला पाहिजे — फार नाही, नवा बूट घालताना टाच अडते तितकाच. टोकं तिरकी कापून सैल सोडायची. पहिल्या झुरक्याआधी थेंब थेंब टाकून भिजवायचं आणि पाच मिनिटं हात बांधून बसायचं. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड.

जळका वास नाही. गळती नाही. वाफ ढगासारखी.

पण घशाला लागत नाही, सिगरेटसारखा ठसकाच नाही!! एवढं करून नुसती गोड हवा!

५ मार्च

बँडेजचा कापूस. नाही लागत.

८ मार्च, शनिवार

चारूच्या चेहरा पुसायच्या कापसाच्या चकत्या. सोलून, मधला थर घेऊन. नाही लागत. वर "माझ्या सगळ्याच वस्तू संपवा" हे ऐकून घ्यावं लागलं.

दियाने नवी बाटली ठेवली. म्हटलं, "काहीतरी चुकतंय माझ्या वातीत." ती फोनमध्ये बघत राहिली. म्हणाली, "आल्झो... म्हणजे... थोडा धीर धर." धीर! बापाचा घसा कोरडा पडलाय आणि हिला धीर सुचतोय.

१३ मार्च

अकरावी वात. वाफ इतकी की खालच्या फ्राउ ब्रेमने बेल वाजवून विचारलं, काही जळतंय का. काहीच जळत नाही बाई, तीच तर तक्रार आहे!

१९ मार्च

शेवटी स्टेशनजवळच्या ई-सिगरेटच्या दुकानात गेलो. दुकानवालीने यंत्र उघडलं, चष्मा लावून वात बघितली, बराच वेळ. म्हणाली, "ही तुम्ही केलीत? मी पण इतकी चांगली करत नाही."

मग तिने नवी वात घातली आणि तिच्याकडचं सहा मिलिग्रामचं भरलं. म्हणाली, "जरा ओढून बघा."

एकच झुरका. खोकल्याची उबळ! डोकं गरगरलं, बाईने खुर्ची पुढे केली. म्हणाली, "हे सहा. गेनाऊ, बरोब्बर सहा. घशाला लागतं ते निकोटीन, वात नाही. तुमच्या बाटलीत काय आहे?"

दुकानाबाहेरूनच दियाला फोन लावला. बाटलीत किती घालतेस, विचारलं. मग — "नुल, पापा." शून्य! डिसेंबरपासून थोडं थोडं कमी करत आणलं आणि फेब्रुवारी संपता संपता पूर्ण बंद. मला न विचारता, न सांगता!

रस्त्यात ओरडलो. मराठीत, जोरात. मी माणूस आहे की तुझ्या प्रयोगशाळेतला उंदीर? महिनाभर मी डोळे फोडून कापूस विंचरतोय आणि तू समोर बसून बघतेस? ती "पापा, ऐक ना" म्हणत होती. फोन बंद केला.

घरी चारूला सांगितलं. तिला खरंच माहीत नव्हतं. पण ऐकून हसली! मग तिच्यावरही ओरडलो.

२१ मार्च

दियाचे चार फोन. एकही घेतला नाही.

सहाची बाटली विकत आणलीय. टेबलावर आहे. अजून उघडली नाही — राग आलाय म्हणून. दुसरं काही कारण नाही.

२२ मार्च, शनिवार

दिया आली. बूटही न काढता दारात उभी. पर्समधून एक छोटं निळं ई-सिगरेटचं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. तिचं. सोळाव्या वर्षापासून माझ्याच पाकिटातली एकेक सिगरेट घ्यायची, गेली दोन वर्षं हे. "मी एकच बाटली बनवत होते, पापा. अर्धी तुझी, अर्धी माझी. एकटीला सोडणं जमत नव्हतं."